महागडी आकडेमोड

संगणक हा मोठा आज्ञाधारक सेवक; आपल्या आज्ञेत चूक असली तरी तीही तो बिनतक्रार पार पाडतो! अशा सेवकासाठी आज्ञावली रचणे हे रूक्ष काम, असे पुष्कळांस वाटते. त्यांना आम्ही रॉबर्ट वॅग्नरची गोष्ट सांगतो.

१९६१ च्या सुमारास तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत शिकत होता. गणिताचा गृहपाठ करावयाचा, तर आकडेमोडीची यंत्रे थोडी आणि तीही दूर. मग त्याने खोलीभर पसरलेल्या संगणकालाच ती विद्या शिकविली. सुमारे ३,००० ओळींची आज्ञावली रचण्यात कित्येक महिने गेले. तेवढ्या अवधीत हाताने किती गृहपाठ झाले असते, हा हिशेब आम्ही करीत नाही. केवळ सक्तीने मात्र एवढे कोणी लिहिले नसते. मेजावरच्या यंत्राचे काम लक्षावधी रुपयांचा संगणक करी, म्हणून आज्ञावलीचे नावच पडले ‘महागडा मेजगणक’!

गृहपाठाला गुण मिळाले शून्य. संगणकाने काढलेले उत्तर बरोबर कसे असेल, अशी प्राध्यापकांची शंका! मनुष्याने संगणकासमोर बसून त्याच्याशी जणू संवाद करीत आकडेमोड करावी, अशा अगदी पहिल्या आज्ञावल्यांत आज तिची गणना होते.