इंद्रियसंयम आणि कुटुंबाची सायंकाळ

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ५८) स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना भगवंतांनी कासवाचा दृष्टांत दिला आहे. कासव ज्याप्रमाणे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते, त्याप्रमाणे जो विषयांपासून आपली इंद्रिये आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर होय, असा त्याचा भावार्थ. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कासव अवयव आत घेते, ते टाकून देत नाही. वेळ येताच त्याच अवयवांनी ते पुन्हा मार्ग आक्रमू लागते.

गृहस्थाने समाजमाध्यमांच्या बाबतीत हाच दृष्टांत डोळ्यांपुढे ठेवावा. परगावी असलेल्या मुलाचे कुशल मोबाइलमुळे क्षणात समजते. म्हणून हे साधन सर्वथा त्याज्य नव्हे. परंतु ते योग्य वेळी बाजूस ठेवता येणे, हे सामर्थ्य मात्र अभ्यासानेच मिळवावे लागते.

हे आवरणे कठीण का जाते? पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचा शेवटचा स्तंभ वाचून होतो, तेथे मन सहजच थांबते. २००६ साली एझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने सरकवीत गेले असता कधीच न संपणाऱ्या पानाची रचना योजिली. पुढे समाजमाध्यमांत ती रूढ झाली. रास्किन यांनी स्वतः नंतर तिच्याविषयी खेद प्रकट केला. ज्या पानाला शेवट नाही, तेथे थांबण्याची मर्यादा बाहेरून मिळत नाही. ती बुद्धीच्या निश्चयातूनच यावी लागते.

या असंयमाचे मोल घरातील माणसांना द्यावे लागते. वृद्ध वडील काही सांगू लागतात. मुलगा पडद्यावरील दृष्टी न काढता नुसता हुंकार देतो. असे वारंवार घडले की वडील बोलणेच सोडून देतात. लहान मूल स्वतः काढलेले चित्र घेऊन येते, ‘थांब जरा’ एवढेच ऐकते, आणि काही दिवसांनी दाखवावयास येईनासे होते. भांडण नाही, कठोर शब्द नाही. तरी घर मुके होते. पितरांना तर्पण करणाऱ्या हाताने जिवंत पित्याच्या शब्दाची उपेक्षा व्हावी, अतिथीला देव मानणाऱ्या घरात शेजारच्या पाटावरील माणूस एकटा पडावा, हे गृहस्थधर्माशी कसे जुळावे?

केवळ मोबाइल बंद केल्याने हे साधते काय? अमेरिकेत २०१८ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना दररोज सुमारे ६० मिनिटे मोकळी मिळाली. आप्तमित्रांच्या सहवासातील त्यांचा वेळ वाढला, समाधानही थोडे वाढले. पण एकट्याने टेलिव्हिजन पाहण्याचा वेळही वाढला. एक विषय सुटला की मन दुसरा शोधते, ते असे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचेच चिंतन करणाऱ्यास गीतेने (३.६) मिथ्याचारी म्हटले आहे. मोबाइल दूर ठेवून चित्त त्यातच गुंतले असेल, तर तो संयम अपुरा होय.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने या बाबतीत एक सुंदर उदाहरण घालून दिले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथे सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. भोंगा होताच टीव्ही व मोबाइल बंद करावयाचे आणि साडेआठ वाजेपर्यंत अभ्यास, वाचन व परस्परांशी संभाषण करावयाचे, असा नियम ग्रामस्थांनी स्वीकारला. एकट्याचा निश्चय डळमळतो; सर्वांनी एकाच वेळी पाळलेला नियम एकमेकांस सावरून धरतो.

प्रत्येक कुटुंबास आपल्यापुरता असा नियम करता येईल :

(१) सर्वांच्या संमतीने दिवसातील एक वेळ ठरवावी. रात्रीच्या भोजनाची वेळ त्यास उत्तम. श्रेष्ठ जे आचरितो त्याचेच इतर अनुकरण करितात (३.२१), म्हणून मुलांस सांगण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तो नियम स्वतः पाळावा.

(२) त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घरी कोणी आजारी असल्यास अथवा सेवेचे बंधन असल्यास केवळ घंटी ऐकू येईल एवढी सोय असावी.

(३) मोकळा झालेला वेळ रिता सोडू नये. आजीला तिच्या माहेरच्या गोष्टी विचाराव्यात, पत्नीसह भाजी निवडावी, मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे.

(४) मन पुन्हा तिकडे धावेल, तेव्हा खिन्न होऊ नये. चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून त्यास परत आणावे, हाच भगवंतांचा उपदेश आहे (६.२६). परत आणावयाचे ते समोर बसलेल्या माणसापाशी.

पडद्यावरील वार्ता उद्याही मिळेल. परंतु बोलू इच्छिणारा वृद्ध पिता आणि चित्र घेऊन उभे असलेले मूल फार काळ वाट पाहत नाहीत. म्हणून गृहस्थाने या नियमाचा आरंभ आजच्या सायंकाळीच करावा.