वारे गेल्यावर आखडलेला हात : रगडू नका, हळू उघडा



लागण, खत, पाणी यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे, पण घराघरातला आहे.

अंगावरून वारे गेले, म्हणजे अर्धांगवायूचा झटका आला, की पहिले काही दिवस एका बाजूचे हातपाय लुळे पडतात. पुढे काही आठवड्यांत पुष्कळांचा तोच लुळा हात ताठ होऊ लागतो. कोपर वाकते, मनगट खाली वळते, मूठ आवळते. पायाचे उलट होते. तो काठीसारखा सरळ ताठतो, टाच उचलली जाते, पाऊल आत वळते. मग कोणीतरी म्हणते, "शीर आखडली, चांगली रगडून काढा." आमच्या पाहण्यातल्या एका सभासदांचे असेच झाले. तीन महिने तेल लावून रगडणे चालले होते. शेवटी मूठ इतकी आवळली की नखे तळहातात रुतून जखम झाली.

खरे पाहता शीर आखडलेली नसते. बिघाड मेंदूत असतो. स्नायू ताणला गेला की "आवळ" असा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून आपोआप सुटतो. त्याला लगाम घालण्याचे काम मेंदूचे. पाटावर पाटकरीच नसला म्हणजे चाऱ्यांची दारे उघडी पडून पाणी वाटेल तसे धावते, तशी ही गत आहे. ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली या ताठरपणाची जी व्याख्या केली, तिचे मर्म असे की स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका तो जास्त विरोध करतो. कासरा हिसडला की बैल अडतो, सैल धरून चुचकारले की येतो; हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हाताचेही तसेच आहे.

आता मूठ कशी उघडायची ते नीट पाहू. बोटांची टोके धरून ओढू नये. आधी मनगट खाली वाकवावे, म्हणजे बोटे आपोआप थोडी सैल पडतात. मग अंगठा बुडाशी धरून सावकाश बाहेर घ्यावा, नंतर बोटे सरळ करावीत आणि सर्वांत शेवटी मनगट हलकेच वर आणावे. तिथे मनात साठ आकडे मोजेपर्यंत धरावे. दुखू लागले की थांबावे. दिवसातून दोन-तीनदा करावे. चेंडू दाबायला देण्याची आपल्याकडे फार रीत आहे. पण जी मूठ आधीच आवळलेली आहे तिला आणखी आवळायला कशाला शिकवायचे? तिला उघडायचा सराव हवा.

मात्र नुसते ताणून भागत नाही. ताणण्याचे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा त्याचा एकट्याचा फायदा थोडाच दिसला. खरा फायदा वापरण्यात आहे. खुर्चीवरून उठणे-बसणे पुन्हा पुन्हा करावे, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून. उभे राहून अंगाचा भार त्या पायावर घेतला की पोटरी आपोआप ताणली जाते. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभे पाहिजेच. जोर लावला तर ताठरपणा वाढतो, असे पूर्वी फिजिओथेरपीतही मानत. आता तसे मानत नाहीत. ताकदीचे व्यायाम देतात. ज्याची बोटे आपणहून थोडी तरी उघडतात, त्याचा चांगला हात काही तास बांधून ठेवून दुखऱ्या हाताकडूनच काम करून घेण्याचीही एक पद्धत आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी.

आणखी एक. आढ्याला कप्पी टांगून दोरीने हात वर ओढण्याचा व्यायाम घरोघर दिसतो. तो करू नये. खांदा सैल झालेला असतो, त्यात इजा होऊन कायमचे दुखणे लागते. रोग्याला उठवतानाही तो हात धरून ओढू नये. शेकाचेही जपून. त्या बाजूला चटका कळत नाही, म्हणून गरम वाळूच्या पुरचुंडीने कातडी भाजल्याचे आम्ही पाहिले आहे.

ताठरपणा एकाएकी वाढला तर आधी पोट साफ होते का, लघवीला जळजळ आहे का, पाठीला किंवा टाचेला जखम झाली आहे का, हे पाहावे. पुष्कळदा कारण तिथेच सापडते. बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकदम बंद करू नयेत. बोट्युलिनमचे इंजेक्शन महाग असते व त्याचा गुण साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्यात व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात.

सगळाच ताठरपणा वाईट असतो असेही नाही. काहींचा पाय ताठ असतो म्हणूनच ते उभे राहू शकतात. तो घालवायचा की राखायचा, हे तपासणाऱ्याने ठरवावे.

वर सांगितलेले आमचे सभासद पुढे फिजिओथेरपीला जाऊ लागले. त्यांचा हात पूर्ववत झालेला नाही. पण मूठ आता उघडते, सूनबाई रोज तळहात धुऊन कोरडा करतात, जखम भरली आहे. जेवताना ते तो हात ताटाच्या कडेवर ठेवतात, म्हणजे ताट सरकत नाही.