तुंबडी, वस्तरा आणि कायदा

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण रिकामटेकड्या माणसाला उद्देशून सहज वापरतो. पण तुंबडी म्हणजे काय, हे आमच्या वर्गात फारच थोड्यांना सांगता आले. पोकळ शिंग अंगाला लावून ठणकत्या जागेचे रक्त ओढून काढण्याचे ते साधन. म्हणजे बलुतेदारीच्या काळात नाभिकाच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी यांच्याबरोबर एक लहानसा दवाखानाही असे. गळू फोडणे, काटा काढणे ही कामे तोच करी आणि गावाला त्यात गैर वाटत नसे. मी स्वतः नाभिकाच्या घरातला. उमरग्यात वडिलांचे केशकर्तनालय आहे. तेव्हा आमच्या व्यवसायाची हद्द कायद्याने कोठवर, हा प्रश्न मला निव्वळ अभ्यासाचा नाही.

इंग्लंडातही असेच होते. तेथे १५४० साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, न्हावी व शस्त्रवैद्य यांची कायद्याने एकच संस्था करण्यात आली. गंमत अशी की, त्याच कायद्याने दोघांची कामे तोडून दिली. शस्त्रवैद्याने हजामत करू नये आणि न्हाव्याने दात उपटण्यापलीकडे शस्त्रक्रिया करू नये! पुढे १७४५ साली दोघे विभक्त झाले. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १८९७ साली न्हाव्यांसाठी परवान्याचा कायदा केला व इतर राज्येही त्या वाटेने गेली.

आपल्या राज्यात असा स्वतंत्र कायदा नाही. २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे, पण तो दुकानाचा. कामगार थोडे असतील तर नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. हातातल्या कसबाविषयी त्यात अवाक्षर नाही. आमची हद्द कळते ती दुसऱ्यांच्या कायद्यातून. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने नोंदणी नसलेल्याला वैद्यकी करण्यास मनाई केली. २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियमाने त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आजोबांच्या पिढीचा परोपकार असा गुन्ह्याच्या उंबरठ्यावर आला.

सरकारने आमच्या कामाची यादीच लिहून दिली, असा एक प्रसंग मात्र घडला. कोरोनामुळे तीन महिने बंद असलेली सलून व ब्यूटी पार्लर महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली. आदेशात होते : केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल, त्वचेसंबंधीच्या सेवा तूर्त नाहीत. दाढीही त्यातच गेली. तसा फलक दुकानात ठळकपणे लावायचा, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची निर्जंतुक करायची, दर दोन तासांनी फरशी पुसायची. आमचा फलक मीच लिहिला होता. केस तुमचे, कातडी तूर्त तुमची नाही, अशी ती वाटणी. दाढीवरच ज्याची चूल पेटते, त्याला ती फार जड गेली. तरी साथीच्या काळापुरती ती समजण्यासारखी होती, असे मला वाटते.

आज अडचण निराळी आहे. शहरातल्या काही सलूनमध्ये केसरोपणही होऊ लागले. तेव्हा २०२२ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने स्पष्ट केले, की ते नोंदणीकृत व प्रशिक्षित डॉक्टरांचेच काम आहे. गोरे करणाऱ्या मलमांचेही तसेच. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते, सततच्या वापराने त्याने कातडी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली. पण गिऱ्हाईक ट्यूब घेऊन येते व 'मसाज करा' म्हणते, तेव्हा अधिसूचना वाचलेला कारागीर किती ठिकाणी सापडेल? आयटीआयमध्ये सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, परंतु बापाजवळ उभे राहून शिकलेला मुलगा तेथे जात नाही. त्याच्या हाती सोप्या मराठीतले एक पान तरी द्यावे, एवढी माझी सूचना आहे.

बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी वडीलधारी माणसे अजूनही मान पुढे करतात. "एवढं गळू तेवढं फोड की, तुझा बाप फोडत व्हता," असे वडिलांना म्हणतात. वडील वस्तऱ्यात नवे पाते घालतात, दाढी करतात आणि गळवासाठी सरकारी दवाखाना दाखवतात. काही जण जातात. काही जण पुढच्या दुकानाकडे वळतात.