लांबचा सायकलप्रवास : पुलावर उतरा, पायी चाला

दिवाळीच्या सुमारास आमच्या दवाखान्यात एक गुरुजी आले. वय अठ्ठेचाळीस. फळ्यावर लिहिताना खडू हातातून निसटतो, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर, अशी तक्रार. "डॉक्टरसाहेब, हा लकवा तर नाही ना?" चेहरा पार उतरलेला.

पाच वर्षांपूर्वी त्यांना रक्तदाबाचा त्रास निघाला, तेव्हा "गुरुजी, सायकल चालवा" असे मीच सांगितले होते. किती चालवा, हे मात्र सांगायचे राहिले. ती चूक माझी. गुरुजी आधी हत्तीबेटापर्यंत जाऊ लागले, मग लातूर, मग थेट नांदेड. वाटेत नदीचा पूल आला, की खाली उतरून तो पायी ओलांडायचा, नदीला पाणी किती ते पाहायचे, ही त्यांची आवड. यंदा मात्र मित्रांच्या नादाने त्यांनी 'ब्रेव्हे' या २०० किलोमीटरच्या फेरीची तयारी सुरू केली. ती साडेतेरा तासांत संपवावी लागते. वेळ वाचावा म्हणून गुरुजींनी पुलावर उतरणे बंद केले, आणि तीन आठवड्यांत बोटे बधिर झाली.

वाचकहो, हा लकवा नव्हता. करंगळीकडे जाणारी नस मनगटाजवळ, तळहाताच्या कडेला, कातडीच्या अगदी जवळून जाते. हँडलवर तासन्‌तास भार टाकला, की ती दबते. सीटवर सतत बसल्याने जांघेतली नसही अशीच दबते व तेथे बधिरपणा येतो. लाजेखातर पुष्कळजण ते सांगत नाहीत. गुरुजींची पुलावरची पायपीट म्हणजे नकळत घेतलेले औषधच होते. त्या पाच-दहा मिनिटांत दोन्ही नसा मोकळ्या होत.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने, अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यामागे दीर्घ सराव असतो आणि सोबत मदतीची गाडी व माणसे असतात. आपल्यामागे कोणी नसते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) चाळिशी उलटली असेल किंवा मधुमेह, रक्तदाब, छातीत दुखणे यांपैकी काही असेल, तर आधी तपासून घ्या.

२) अंतर दर आठवड्याला साधारण दहाव्या हिश्शाने वाढवा. एकदम दुप्पट नको.

३) पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. हँडलवरची पकड अधूनमधून बदला.

४) तासाभराने उतरून पाच मिनिटे चाला. पुलावर चालताना कडेने चाला. अंधार पडल्यावर किंवा ट्रकची वर्दळ असलेल्या अरुंद पुलावर हा हट्ट नको. पूल ओलांडून मग थांबा.

५) तहानेप्रमाणे पाणी प्या. घाम फार गेला असता नुसते साधे पाणी भरमसाट पिणेही घातक, कारण रक्तातले मीठ कमी होते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी सोबत ठेवा.

६) इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

छातीत दुखले, दम लागला, थंड घाम फुटला, तर सायकल तिथेच सोडा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. "घर जवळच आहे" म्हणून रेटू नका. प्रवासानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुरुजींची लांबची सायकल मी दोन महिने बंद ठेवली, हँडलला जाड मूठ बसवायला सांगितली. आता खडू हातात नीट राहतो. त्यांनी २०० किलोमीटरचा नाद सोडलेला नाही. मीही सोडा म्हटले नाही. एवढेच सांगितले, "गुरुजी, साडेतेरा तासांत चार पुलांचा वेळ सहज बसतो. आधी तो धरा, मग बाकीचा हिशोब करा."