विचारलं असतं तर दिलं असतं

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक आणि पुस्तकांची सूची, एवढाच तिचा पसारा. सर्व्हर छोटा, होस्टिंगचं भाडं सभासदांच्या वर्गणीतून. एकदा ऐन परीक्षेच्या दिवसांत ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, "अहो, सूची उघडतच नाहीये. पीएच.डी.ची मुलं सकाळपासून खोळंबलीत." मी लॉग उघडून पाहिला. एकाच आयपीवरून सेकंदाला दहा-पंधरा रिक्वेस्ट येत होत्या, आणि सगळ्या सूचीच्या शोधपानावर.

या पानावर लेखक, वर्ष, विषय आणि प्रकाशक असे चार फिल्टर आहेत. वाचकाला ते सोयीचे पडतात. पण दिसेल त्या लिंकमागे धावणाऱ्या प्रोग्रामला फिल्टरची प्रत्येक जोडणी नवं पान वाटते. काही हजार पुस्तकांची सूची त्याच्या लेखी लाखो पानांची होते, आणि दर पानाला आमच्या डेटाबेसला नव्याने शोध घ्यावा लागतो. शोधपानांवर बॉटांनी, म्हणजे अशा आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांनी, येऊ नये, असं रोबॉट्स.टीएक्सटी फाइलमध्ये लिहिलेलं होतं. ती फाइल त्याने मागितलीसुद्धा नव्हती. ओळख म्हणून नुसतं 'पायथन-रिक्वेस्ट्स', म्हणजे त्या सॉफ्टवेअरचं आपोआप लागणारं नाव. ना संस्था, ना ईमेल. मी तो आयपी बंद केला, तर थोड्याच वेळात त्याच क्रमाने तीच पानं भलत्याच आयपींवरून मागितली जाऊ लागली, या वेळी क्रोम ब्राउझर असल्याची बतावणी करून.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमची अख्खी सूची एका एक्सेल फाइलमध्ये मावते. दोन ओळींची ईमेल आली असती तर मी ती त्याच दिवशी आनंदाने पाठवली असती.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं मोफत ठेवणाऱ्या 'रीड द डॉक्स'वरून मे २०२४ मध्ये एकाच क्रॉलरने ७३ टेराबाइट फाइली उतरवल्या. त्यांना ५ हजार डॉलरहून जास्त भुर्दंड बसला. विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की, जानेवारी २०२४ पासून चित्रं आणि व्हिडिओंच्या डाउनलोडची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, आणि ती मुख्यतः बॉटमुळे. विकिपीडियाचा सगळा मजकूर एकगठ्ठा उतरवून घ्यायची सोय कित्येक वर्षं आहे, तरीही पानामागून पान ओरबाडणारे आहेतच.

नोकरीत मात्र मी पलीकडच्या बाजूला बसतो. आमची कंपनी शेतमालाचे बाजारभाव गोळा करते. त्यामुळे स्क्रेपिंग, म्हणजे प्रोग्राम लावून साइटवरची माहिती उतरवणं, वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण ते कसं करायचं, हे कोड लिहायला घेण्याआधी ठरलं पाहिजे, असा माझा आग्रह असतो. आमच्याकडे प्रत्येक साइटसाठी एक पानाचं टिपण लागतं: माहिती कुणाची, कशासाठी हवी, किती पानं, किती दिवस ठेवणार, जबाबदार कोण. त्यातला पहिला प्रश्न असा की, सरळ मार्गाने मिळते का? बाजार समित्यांकडून येणारे रोजचे भाव केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर एपीआयने मिळतात. कांद्याच्या भावासाठी कुणाच्या साइटवर धाड घालायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

नियम मात्र कोडमध्येच बसवा. भिंतीवर लावलेलं धोरण डेडलाइनच्या आदल्या रात्री कुणी वाचत नाही. स्क्रेपी हे स्क्रेपिंगचं साधन वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, रोबॉट्स.टीएक्सटी पाळायचं की नाही, हे तिथे एका शब्दाच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून आमच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच सामायिक मॉड्यूलमधून जातात, आणि त्यात बदल करायला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागते. एका साइटवर एका वेळी एकच रिक्वेस्ट, मध्ये काही सेकंदांची विश्रांती. उत्तर यायला उशीर होऊ लागला की विश्रांती वाढते. ४२९ हा कोड आला, तर समोरचा 'फार झालं' म्हणतोय. सोबत किती वेळाने या हे सांगितलेलं असेल तर तेवढं थांबायचं, नसेल तर आपणच भरपूर थांबायचं. न बदललेलं पान पुन्हा उतरवायचं नाही. 'बदल झाला असेल तरच द्या' असं विचारायची सोय एचटीटीपीत आहे, तेव्हा सर्व्हर नुसतं ३०४ म्हणून मोकळा होतो. आणि प्रत्येक साइटला दिवसाकाठी पानांची कमाल मर्यादा हवीच. आमच्या सूचीवर आलेल्या प्रोग्रामला एवढी एक मर्यादा असती, तरी तो फिल्टरांच्या जंजाळात फिरत राहिला नसता.

रोबॉट्स.टीएक्सटीची कल्पना मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये मांडली. २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून तिला रीतसर रूप आलं. त्यातलं एक कलम बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं: सर्व्हरच्या बिघाडामुळे ही फाइल मिळाली नाही, तर सगळंच वर्ज्य समजायचं. धापा टाकणाऱ्या सर्व्हरला त्यामुळे श्वास घ्यायला उसंत मिळते.

"सगळ्यांना दिसतंय, मग घ्यायला काय हरकत?" हा प्रश्न नवी मुलं हमखास विचारतात. अमेरिकेत स्क्रेपिंग करणाऱ्या हायक्यू कंपनीला लिंक्डइनविरुद्ध एप्रिल २०२२ मध्ये हॅकिंगच्या कायद्यापुरता दिलासा मिळाला, पण त्याच वर्षअखेर वापराच्या अटी मोडल्याच्या मुद्द्यावर ५ लाख डॉलरचा निवाडा मान्य करावा लागला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीविना डेटा काढून घेण्याबद्दल आणि यंत्रणा विस्कळीत करण्याबद्दलही बोलतं. वकिलाला आधी विचारा. माणसांच्या माहितीबाबत तर मी अजिबात सवलत देत नाही. भावाच्या तक्त्याशेजारी अडत्याचं नाव आणि मोबाइल नंबर असेल, तर ते दोन्ही साठवण्याआधीच गाळायचे. २०१६ मध्ये ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७० हजार जणांची खासगी माहिती संशोधनाच्या नावाखाली जगजाहीर झाली, ती सभासदांना दिसतच होती या सबबीवर.

आपल्या बॉटच्या नावात कंपनीचं नाव आणि चालू ईमेल घाला, आणि ती ईमेल रोज माणसाने वाचावी. कुणी अडवलं तर आयपी बदलून मागच्या दाराने जायचं नाही. तक्रार आली की त्या वेळी ड्युटीवर जो असेल त्याने त्या साइटचं काम तिथल्या तिथे बंद करावं, मग तो कालपरवा रुजू झालेला का असेना. त्यासाठी विक्री विभागाची परवानगी लागत नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी कळवलं तरी चालतं.