साक्षीवांचून उत्तर

कांहीं माहिती हवी असल्यास आपण मोबाइलवर गूगलमध्यें शोध घेत आलों. तेथें ती माहिती कोठें लिहिली आहे, त्या ठिकाणांची यादी मिळे; वाचून निवड करणें आपल्याकडे असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅट-जीपीटी हें यंत्र लोकांस खुलें झालें. तेव्हांपासून पुष्कळ जण यादी सोडून अशा यंत्रांसच प्रश्न करितात, व मराठींत तयार उत्तर मिळतें. श्रम वांचतात हें खरें. पण ह्यांत एक धोका आहे.

असें यंत्र असंख्य लेखांवरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे, हें शिकलेलें असतें. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. परंतु सफाई म्हणजे सत्य नव्हे. चुकीचें उत्तरही तें त्याच ठाम स्वरांत देतें.

२०२३ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क येथें एका वकिलानें विमान कंपनीवरील दाव्यासाठीं चॅट-जीपीटीकडून जुने निवाडे मागितले. ते न्यायालयापुढें ठेवल्यावर आढळलें कीं, त्यांतील सहा निवाडे कधीं झालेच नव्हते. वकिलानें ते खरे आहेत काय, असें त्या यंत्रासच विचारिलें होतें, आणि यंत्रानें होय म्हटलें होतें! जूनमध्यें न्यायाधीशांनीं ५,००० डॉलर दंड ठोठाविला. उत्तर मागितलें ही चूक नव्हे. ज्याची साक्ष पारखावयाची, त्यासच पुन्हां साक्षीस उभें केलें, ही चूक.

आपण तापानें फणफणलेल्या लेंकरास औषध किती द्यावें, हें यंत्रास विचारलें व तें चुकलें, तर दंड कोण भरील? तें लेंकरूंच.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्या. पहिली, उत्तर मिळतांच हें कोठें लिहिलें आहे, असें विचारावें. दुसरी, यंत्रानें दाखविलेलें पान स्वतः उघडून वाचावें. कारण पान खरें असून त्यांत तसें लिहिलेलें नसेल, असेंही घडतें. तिसरी, औषध, पैसा व कायदा ह्यांविषयीं डॉक्टर किंवा जाणत्या अधिकाऱ्यास विचारल्यावांचून पाऊल टाकूं नये. जो दुसऱ्यांस वाचून दाखवितो, त्यानें तर हें विशेष जपावें. त्याच्या शब्दावर सारा गांव विसंबतो.

विचारासाठीं प्रश्न:
१. यादी व तयार उत्तर ह्यांत भेद कोणता?
२. वकिलाची खरी चूक कोणती?
३. गेल्या आठवड्यांत आपण कोणती गोष्ट न पारखतां दुसऱ्यास सांगितली?