यादीत नसलेली गोळी

आप्पा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मुक्काम सातारा जिल्ह्यात. त्यांची पुतणी अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. ती सुट्टीवर गावी आलेली असताना झालेलं हे बोलणं.

आप्पा: आमच्या दवाखान्यात डॉक्टर एक गोळी लिहून देतात आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, ही यादीत नाही, दुसरी घ्या. तुमच्या अमेरिकेत असली भानगड नसेल.

पुतणी: आहे की! माझा निम्मा दिवस त्याच भानगडीत जातो. तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात. त्याच्या आरोग्यसेवेत नव्वद लाखांच्या आसपास माणसांची नोंद आहे, आणि त्या सगळ्यांसाठी औषधांची एकच राष्ट्रीय यादी. आम्ही तिला फॉर्म्युलरी म्हणतो. डॉक्टरांनी आधी यादीतलं औषध द्यायचं, हा नियम.

आप्पा: एवढा श्रीमंत देश, आणि व्हिएतनाममध्ये गोळ्या झेललेल्या माणसाला यादी दाखवता?

पुतणी: एक यादी नव्हती तेव्हा काय व्हायचं ते ऐका. १९९५ पर्यंत प्रत्येक रुग्णालयाची आपापली यादी होती. तिकडचे बरेच म्हातारे थंडी पडली की उत्तरेकडून फ्लोरिडात जातात. मिनेसोटात मिळणारी रक्तदाबाची गोळी फ्लोरिडात मिळेलच असं नाही. तिथला डॉक्टर ती बदलणार, उन्हाळ्यात घरी परतलं की पुन्हा बदल. माणूस तोच, आजार तोच. मग केनेथ कायझर नावाचे डॉक्टर या आरोग्यसेवेचे प्रमुख झाले. त्यांनी सगळा कारभार बावीस विभागांत बसवला. औषधांसाठी वेगळं कार्यालय निघालं आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय यादी लागू झाली. तरी विभागांच्या पुरवणी याद्या उरल्याच होत्या. त्या २००९ मध्ये बंद केल्या.

आप्पा: म्हणजे एक यादी करायला बारा-चौदा वर्षं!

पुतणी: सरकारी काम, आप्पा.

आप्पा: बरं, यादीत काय घालायचं हे ठरवतं कोण? वॉशिंग्टनचा कुणी बाबू?

पुतणी: नाही. त्यासाठी दोन गट आहेत. एक डॉक्टरांचा, दुसरा प्रत्येक विभागाच्या मुख्य फार्मासिस्टांचा. नवं औषध आलं की त्याच्यावरचे अभ्यास वाचून आधी टिपण तयार होतं. जुन्या औषधापेक्षा खरंच जास्त गुण येतो का? अपाय काय? आमच्याकडची माणसं बहुतेक वयस्क, एकेकाला तीन-चार आजार. तशा माणसांवर ते तपासलंय का? किंमत त्यानंतर.

आप्पा: किंमत नंतर, हे काही मला पटत नाही. मी क्वार्टरमास्टरच्या हाताखाली काम केलंय. खरेदीत पैसा आधी बोलतो.

पुतणी: औषधं गुणाला सारखीच निघाली की पैसाच बोलतो, आणि त्यात गैर काय? कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गटात नव्वदच्या दशकात चार-पाच कंपन्यांच्या गोळ्या होत्या. व्हीएनं तो गट बंद केला. म्हणजे कंपन्यांना सांगितलं, गटातली एखाद-दुसरीच गोळी घेऊ. जो चांगला भाव देईल त्याची.

आप्पा: बैलबाजारातलं गणित. कासरा सोडून जो चालायला लागतो, त्यालाच भाव मिळतो.

पुतणी: अगदी तेच! यादी नसेल तर चालायला लागायची सोयच नाही. डॉक्टर जे लिहितील ते विकत घ्यावंच लागणार, आणि ते कंपनीलाही ठाऊक असणार. शिवाय कायद्याचा आधार आहे. तो कसा आला, ते गमतीचं आहे. १९९० मध्ये तिथल्या संसदेनं ठरवलं की गरिबांच्या मेडिकेड योजनेला कंपन्यांनी आपला सगळ्यात स्वस्त भाव द्यावा. तोपर्यंत सगळ्यात स्वस्त भाव बऱ्याचदा व्हीएला मिळत होता. कंपन्यांनी काय केलं असेल?

आप्पा: व्हीएचा भाव चढवला. म्हणजे सगळ्यात स्वस्त भावच महाग झाला.

पुतणी: बरोबर. मदत गरिबांना करायला गेले आणि फटका सैनिकांना बसला. मग १९९२ मध्ये वेगळा कायदा झाला. बाजारातल्या सरासरी घाऊक भावापेक्षा निदान २४ टक्के कमी दरानं ब्रँडची औषधं व्हीएला, सैन्यदलाला आणि आणखी दोन सरकारी खात्यांना द्यायचीच. ही झाली वरची मर्यादा. तिच्या खाली आणखी किती उतरवायचं, ते यादीच्या जोरावर. त्यांच्या संसदेसाठी हिशेब तपासणारी संस्था आहे, जीएओ. तिनं २०१७ सालचे ३९९ औषधांचे भाव ताडून पाहिले. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेपेक्षा व्हीएचा भाव सरासरी ५४ टक्के कमी निघाला.

आप्पा: मेडिकेअर तर केवढी मोठी! तिला का जमलं नाही?

पुतणी: तिला स्वतः भाव करायला कायद्यानंच बंदी होती. २०२२ च्या कायद्यानं थोडंसं दार उघडलं, आणि पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव २०२६ पासून लागू झाले. नुसता आकार मोठा असून भागत नाही, नको म्हणायचा हक्क लागतो.

आप्पा: मग तुम्ही फार्मासिस्ट दिवसभर भावच करत बसता?

पुतणी: भाव वर ठरतात. आमच्याकडे येतात त्याचे परिणाम. एम्पाग्लिफ्लोझिन नावाची मधुमेहाची गोळी आहे, १० आणि २५ मिलिग्रॅमची. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. म्हणून ज्याला कमी डोस पुरतो, त्यालाही आम्ही पंचवीसची देतो आणि सांगतो, अर्धी करून घ्या. गोळीबरोबर प्लास्टिकची छोटी डबी देतो. झाकणाच्या आत पातं असतं. खाचेत गोळी ठेवायची, झाकण दाबायचं, कट्. साडेबारा मिलिग्रॅम.

आप्पा: आणि ज्याचे हात कापतात त्यानं?

पुतणी: त्याला सबंध. नजर अधू असेल तरी सबंध. आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कापायच्याच नाहीत, सगळा डोस एकदम सुटतो. हे आधी विचारावं लागतं, आणि घाईच्या दिवशी नेमकं तेच विचारायचं राहतं.

आप्पा: अर्धी गोळी ठीक आहे गं. पण एखाद्याचा जीव वाचवणारं औषध महाग म्हणून नाकारलं तर?

पुतणी: दोन प्रकरणं सांगते, तुम्हीच ठरवा. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर अ‍ॅड्युहेल्म नावाचं औषध आलं. औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या एफडीए या संस्थेनं ते जून २०२१ मध्ये मंजूर केलं, तेही तिच्याच सल्लागार तज्ज्ञांचा कौल विरुद्ध असताना. वर्षाचा खर्च ५६ हजार डॉलर. घरोघरी आशा लागली. ऑगस्टमध्ये व्हीएनं सांगितलं, आम्ही यादीत घेणार नाही. स्मरणशक्ती टिकते याचा पुरावा नाही आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका आहे. तेव्हा खूप लोक रागावले. २०२४ मध्ये कंपनीनंच ते औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आप्पा: आणि त्याच आजारावर दुसरं चांगलं आलं असतं तर?

पुतणी: आलं ना. लेकेम्बी. २०२३ च्या जानेवारीत मंजुरी, मार्चमध्ये व्हीएनं ते द्यायचं ठरवलं. मात्र अटी घालून: आजार सुरुवातीच्या टप्प्यावर हवा, वय ठरावीक, मेंदूची तपासणी झालेली. तेही महागच होतं. पण या वेळी पुरावा बरा होता. मला विचाराल तर यादीचं खरं काम हेच.

आप्पा: आणि दुसरं प्रकरण?

पुतणी: ते उलटं आहे. व्हिएतनामच्या पिढीत हिपॅटायटिस सी फार. यकृत सडवणारा विषाणू. २०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर आलं. बारा आठवड्यांत बहुतेक माणसं पूर्ण बरी. छापील किंमत एका गोळीला हजार डॉलर, कोर्सला ८४ हजार. ते शोधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जण व्हीएचाच संशोधक होता, बरं का! पुराव्याबद्दल वाद नव्हता, यादीचीही अडचण नव्हती. तिजोरी अपुरी पडली. आधी ज्यांचं यकृत जास्त बिघडलंय त्यांना, बाकीच्यांनी थांबायचं. शेवटी संसदेनं पैसे दिले, भावही उतरले, आणि २०१६ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. पुढे लाखावर सैनिक बरे झाले. पण ज्यांना थांबवलं त्यांची मधली दोन वर्षं गेलीच. तिथे मी व्हीएची बाजू घेणार नाही; पैसे नाहीत म्हणून थांबवणं आणि गुण नाही म्हणून नाकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेशंटला त्या सारख्याच ऐकू येतात.

आप्पा: आता माझं मूळ दुखणं. यादीतली गोळी मला चालतच नसेल तर?

पुतणी: तर डॉक्टर अर्ज करतात आणि ९६ तासांत उत्तर द्यायचं असतं. हे अर्ज माझ्या टेबलावर येतात. अर्जात एक ओळ असते: ‘यादीतलं औषध चाललं नाही.’ मी नोंद उघडते. ते औषध पेशंटनं एकदाच नेलंय, तीस दिवसांचं. मग चाललं नाही की घेतलंच नाही? फोन लावते. म्हातारा म्हणतो, घेतलं की, पण मांड्या एवढ्या दुखायला लागल्या की जिना चढवेना, म्हणून सोडून दिलं. हे अर्जात कुठंच नाही! स्टॅटिननं स्नायू दुखतात हे आम्हाला पाठ आहे. ते लिहिलं असतं तर अर्ज पाच मिनिटांत सुटला असता.

आप्पा: ९६ तास कागदावर की खरोखर?

पुतणी: विचारलंत ते बरं केलंत. २०१० मध्ये त्याच जीएओनं ठपका ठेवला होता की अर्ज वेळेत निकाली निघतात याची खात्री व्हीएला देता येत नाही. अजून एक फट होती. नोकरीत असताना जवानाला सैन्यदलाची यादी, निवृत्त झाला की व्हीएची. मनावरच्या आघातासाठी महत्प्रयासानं लागू पडलेली गोळी नेमकी घर, गाव, काम सगळं बदलत असताना बदलायची. २०१५ मध्ये आदेश निघाला की केवळ यादीत नाही म्हणून मानसिक आजाराची औषधं बदलू नका. मग कायद्यानं वेदना, झोप आणि मानसिक आजार यांच्या औषधांसाठी दोघांची सामाईक यादी करायला लावली. माझ्या मते हे सुरुवातीलाच सुचायला हवं होतं.

आप्पा: आणि हे सगळं फुकट?

पुतणी: सेवेत झालेल्या इजेवरचं औषध फुकट. बाकीच्यांना महिन्याला एका औषधामागे पाच, आठ किंवा अकरा डॉलर, वर्षाला सातशेच्या वर नाही. बहुतेक औषधं टपालानंच घरी जातात. देशभरात त्यासाठी सात मोठी केंद्रं आहेत. यादी एक आहे म्हणून ती औषधं यंत्रांवर भरता येतात.

आप्पा: आमच्याकडे अर्जाला उत्तर कधी येईल ते कुणी सांगत नाही. यादी कुणी केली, तेही सांगत नाही.

पुतणी: मग ते विचारा. व्हीएची यादी आणि बऱ्याच औषधांवरची टिपणं इंटरनेटवर उघडी आहेत, कुणीही वाचावीत. तुमच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात गोळी का नाही म्हणून भांडण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागा: यादी कुठे पाहायला मिळते, ती ठरवणारे कोण, आणि अर्जाचं उत्तर किती दिवसांत मिळेल.

आप्पा: आणि उत्तर येईपर्यंत?

पुतणी: एक वही करा. कुठली गोळी, किती डोस, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घेतली आणि काय त्रास झाला, एवढं लिहून ठेवा. रिकामी पाकिटं टाकू नका, वहीलाच पिन लावून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या.